भाव सांगताना

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी विचारले, "सर, वेबसाइटचे किती घेणार?" आमच्या मनात ८,००० होते. तोंडातून निघाले, "तुम्हीच समजून द्या." त्यांनी समजून ३,००० दिले, वर चहा पाजला.

आम्ही दोघे भाऊ. थोरला बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. धाकटा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपले आणि हौसेने शिकलेले वेबसाइटचे काम त्याने पोटासाठी हाती घेतले. धंदा त्याच्या नावावर. शाळा सुटल्यावर मजकूर तपासणे आणि गिऱ्हाइकासमोर सोबतीला बसणे थोरल्याकडे. पण भाव सांगायची वेळ आली की दोघांचीही जीभ टाळ्याला चिकटे. चिकटणारच. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० झाले, ते सरकारने ठरवले. कंत्राटी कामगाराची हजेरी ठेकेदाराने ठरवली. आपल्या मेहनतीचा आकडा आपण सांगायचा, हे आम्हाला कधी करावेच लागले नव्हते.

दुसऱ्या वर्षी त्या साइटच्या डोमेनचे पैसे भरायची वेळ आली, होस्टिंगचेही. भाव ठरवताना हे धरलेच नव्हते, खिशातून भरले. मधल्या काळात मालकांनी ४ वेळा फोटो बदलून घेतले होते. त्या रात्री हिसाब मांडला तेव्हा अम्मी म्हणाली, "ये धंदा नहीं, खैरात हुई."

अब्बांची उमर पिंपरीतल्या कारखान्यात लेथवर गेली. निवृत्तीनंतर काही वर्षे ते छोट्या वर्कशॉपना जॉबचे अंदाज काढून देत. त्यांनी आमचा कागद पाहिला आणि पहिलाच सवाल केला, "सेटिंग का टाइम किधर है?" मग समजावले. एक नग काढा की शंभर, जॉब बांधणे, टूल लावणे, पहिला नग मोजून पाहणे याला वेळ तेवढाच लागतो. शंभर नगांत तो वाटला जातो; एकच नग असेल तर सगळा त्याच्यावरच बसतो. मशीनचा तासाचा दर काढताना वीज, हप्ता, भाडे तर धरायचेच, मशीन रिकामे उभे राहते ते तासही धरायचे. आपल्या चुकीने नग बिघडला तर दुरुस्ती आपल्या खर्चाने. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदलले तर पैसे वेगळे. आणि हे सारे काम घेण्यापूर्वी कागदावर.

आम्ही तसेच केले. पहिल्या भेटी आणि मांडणी हे आमचे सेटिंग. पुढे प्रत्येक पानाचे वेगळे. दोन दुरुस्त्या मोफत, तिसरीला पैसे. डोमेन-होस्टिंगचा दरवर्षीचा खर्च गिऱ्हाइकाचा. निम्मी रक्कम आधी. गिऱ्हाइके कमी झाली, पण रात्रीची झोप परत आली.

अडचण आली ती आपल्याच लोकांत. एका तालिमी संस्थेला साइट उर्दूत हवी होती. म्हणजे सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे, नस्तालीकच्या उतरत्या अक्षरांसाठी दोन ओळींत जास्त जागा, मध्येच इंग्रजी शब्द किंवा फोन नंबर आला की ओळ उलटीपालटी. मराठी साइटपेक्षा काम जास्तच. भाव सांगितला तर उत्तर आले, "मास्टर, ये तो कौम का काम है." त्यांच्या इमारतीला रंग देणाऱ्याला हे कोणी म्हटले नसावे. आम्ही भाव उतरवला नाही, काम गेले. सलाम-दुआ अजून आहे, जरा थंड.

कुदळवाडीच्या एका भंगारवाल्या चाचांनी मात्र निम्मे पैसे मोजून दिले. साइट तयार झाली, तिच्यात गोदामाचा नकाशाही टाकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागात हजारो बांधकामे पाडली गेली, त्यांत ते गोदामही गेले. उरलेले पैसे मागायला आमचे पाय वळले नाहीत. चार महिन्यांनी चाचा स्वतःच घरी आले. बाकी रक्कम पुढ्यात ठेवली आणि विचारले, "नया पता डालने का कितना?"

ड्रॉइंग बदलले होते. अब्बा शेजारीच बसलेले, पण काही बोलले नाहीत. आम्ही म्हणालो, "रहने दो, चाचा."

चाचांना ते रुचले नाही. "धंदे की बात करो, बेटा. भाव बोलो."

धाकट्याने ५०० सांगितले. चाचांनी घासाघीस करून ४०० केले.