कालचा हात

फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. बुधवारची रात्र.

"काका, दुपारी गाडीचं ऑइल बदललं म्या. आता लाइटच जाऊन नाही राह्यला."

मागं इंजिनाचा आवाज येत होता. म्हणजे ऑइलचा लाल दिवा लागलेला, गाडी चालू, आणि पोरगा शेजारी उभा राहून माझ्याशी बोलत होता. हातातला घास तसाच ठेवून मी ओरडलो, "पह्यले बंद कर! बंद कर अन् मंग बोल."

ही काळीपिवळी जीप बाळापूर-वाडेगाव-पातूर रस्त्यावर चालते. आधी बाप चालवायचा, आता पोरगा चालवतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, शेगावच्या सवाऱ्या ठरलेल्या. मजुरी वाचावी म्हणून त्यानं अंगणातच पाना लावला होता. त्यात गैर काही नाही. मी स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो, ऑइल घरी बदलत जा. वर्षातून दोनदा गाडीखाली झोपलं की गाडी ओळखीची होते.

माझं दुकान बाळापुरात हायवेला लागून आहे. सरकारनं या रस्त्याला 53 केलं, लोक अजून 6 नंबरच म्हणतात. इथल्या किल्ल्याचं काम औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं सुरू केलं आणि 1757 साली एलिचपूरच्या नवाबानं, इस्माइल खानानं पुरं केलं. त्यातली कोणती वीट कोणाच्या हातची, ते आता कोणी सांगू शकत नाही. इंजिनाचं तसं नसतं. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच: शेवटचा हात कोणाचा? सकाळपर्यंत नीट चालणारी गाडी ऑइल बदलल्यावर दिवा दाखवू लागली, तर तिची बेरिंगं नेमकी त्याच दुपारी झिजली असं होत नाही. बिघाड कालच्या कामात कुठंतरी बसलेला असतो. म्हणून पाना उचलायच्या आधी मी माणसाला बोलतं करतो. आणि माणूस एक गोष्ट हमखास लपवतो.

सकाळी सातला त्याच्या अंगणात पोचलो. पोरगा रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. त्याच्या घरची लिंबाची बाग आहे, म्हणून त्याला ड्रिपच्या भाषेत समजावलं. विहिरीवरची मोटर पाणी ढकलते, प्रेशर तिच्यात नसतं. ड्रिपरच्या बारीक भोकांनी पाणी अडतं म्हणून नळीत प्रेशर येतं. आता नळीच्या टोकाची टोपणं निघाली तर? पाणी वाहून जातं, झाडं कोरडी. जाळीचा फिल्टर तुंबला तर? झाडं कोरडी. विहिरीत पाणी खाली गेलं आणि मोटर हवा ओढू लागली तर? तेच. इंजिनात विहीर म्हणजे खालचा चेंबर, मोटर म्हणजे ऑइल पंप, ड्रिपर म्हणजे मेन आणि कनेक्टिंगची बेरिंगं. बेरिंगं झिजली की टोपणं निघाल्यासारखं होतं, पण त्याला वर्षं लागतात. एका दुपारीत होण्यासारखं राहतं ते विहिरीत, जाळीत नाहीतर पाण्यातच.

"पाण्यातच म्हणजे?" त्यानं विचारलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आधी ऑइल प्रेशरच्या सेंडरची, दिव्याकडं जाणारी वायर काढली. दिवा विझला. म्हणजे वायर कुठं बॉडीला चिकटलेली नव्हती. हे दोन मिनिटांचं काम न करता लोक इंजिन खोलून बसलेले मी पाहिले आहेत. मग ऑइलची पट्टी. गाडी सपाट जागी, रात्रभर बंद, याहून चांगली वेळ नाही. तेल वरच्या खुणेच्या किंचित वर होतं. फार वर असतं तर क्रँक ते ताकासारखं घुसळतो, फेस होतो आणि पंप फेस ओढतो. इथं तेवढं नव्हतं. गाडीखाली वाकून पाहिलं, थेंबही गळत नव्हता.

मग मी म्हणालो, "जुनं रबर दाखव."

हा प्रश्न माझा नाही, उस्तादांचा आहे. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून मी अकोल्यात त्यांच्याकडं हाताखाली लागलो. एकदा एका ट्रकचा फिल्टर काढला, तर त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं. मी पाहिलं नाही आणि नवा फिल्टर त्यावरच आवळला. दोन रबरं एकावर एक. गाडी सुरू होताच एक रबर सरकलं आणि तेलाची धार जमिनीवर. मी पटकन बंद केली, जुनं रबर खरडून खिशात टाकलं, फरशी पुसली आणि उस्तादांना सांगितलं की फिल्टरच खराब निघाला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी कपडे बदलताना ते रबर खिशातून खाली पडलं. उस्तादांनी ते उचलून फिल्टरच्या फळीवर खिळ्याला अडकवलं. त्या दिवसापासून मी फिल्टर बदलला की आवळायच्या आधी त्यांची हाक यायची, "पुराना रबर दिखा." मी तिथं होतो तोवर ती हाक थांबली नाही.

पोरानं घरामागून जुना फिल्टर आणला. रबर त्यालाच चिकटलेलं होतं. इथं तो पास झाला. नवा फिल्टरही योग्य नंबरचा होता. आटे जुळले म्हणून भलताच फिल्टर बसवतात तेव्हा कधी कधी त्यात तेल परत जाऊ न देणारी रबराची झडप नसते. मग रोज सकाळी फिल्टर रिकामा आणि दिवा उशिरा विझणारा. ती भानगडही इथं नव्हती.

ऑइलचा रिकामा डबा पाहिला: 15डब्ल्यू-40. बरोबर. यातल्या डब्ल्यूचा अर्थ विंटर, म्हणजे हिवाळा. तो आकडा थंड इंजिनासाठी, बाळापूरकरांचं त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. मागचा 40 आपल्या कामाचा. तेल 100 अंशांना तापल्यावर किती दाट राहतं ते तो सांगतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 ओलांडतो, त्यात पूर्णेकाठच्या गावांत खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये टाकतात, आत क्षार धरतात, इंजिन तापतं, तेल पातळ होतं आणि दिवा लागतो. गिऱ्हाईक म्हणतो पंप गेला. पंप नाही गेला बाबा, पाणी बदल. काहीजण यावर जाड तेलाचा इलाज करतात. झिजलेल्या इंजिनात दाट तेल आणि वरून टॉनिकची बाटली ओतली की काटा वर जातो, आणि गाडी विकून होईपर्यंत तिथंच राहतो. जुनी गाडी घेताना ऑइल कोणतं भरलंय ते विचारा, एवढं मधल्या मध्ये सांगून ठेवतो.

पट्टीवरचं तेल दोन बोटांत घेऊन चोळलं. नव्या तेलाला पाकासारखी थोडी तार येते. याला येईना. नाकाशी नेलं.

"डिझेल टाकलं होतं काय?"

"नाही, काका."

"धुवायले?"

"नाही ना."

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. "दोन लिटर तं टाकलं यानं दुपारी," ती सहज म्हणाली, "म्याच तं कॅन धरली होती."

पोरानं मान खाली घातली. त्याचं चुकलं ते असं: जुनं तेल काढल्यावर आतला काळा गाळ जावा म्हणून चेंबरमध्ये डिझेल ओतलं, दहा मिनिटं गाडी चालवली, मग ते सोडलं आणि नवं तेल भरलं. ही युक्ती जुनी आहे, आमच्या मिस्त्री लोकांतही चालते. पण सगळं डिझेल बाहेर येत नाही. नळ्यांत आणि कोपऱ्यांत उरतं आणि नवं तेल पातळ करतं. दहा मिनिटं तर बेरिंगं डिझेलवरच फिरली. मी रागावलो नाही. खिशातलं रबर मला आठवत होतं.

तेल पूर्ण सोडून द्यायचं ठरलं. इंजिन थोडा वेळही चालू करायचं नाही म्हणून ते थंडच सोडलं. थंड तेल निथळायला वेळ लागतो. आम्ही चहा प्यालो. त्याच्या आजोबांनी खाटेवरून सांगितलं की बंडीच्या कण्याला ते एरंडीचं तेल द्यायचे. मी त्यांना म्हणालो की कॅस्ट्रॉल हे नावही एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच आलंय, 1909 सालचं. त्यांना याचं काही नवल वाटलं नाही. एरंडीशिवाय दुसरं काय देणार, असा त्यांचा चेहरा होता.

पोराला मी ब्यूशँप टॉवरची गोष्ट सांगितली. ती मला एका पॉलिटेक्निकच्या सरांनी सांगितली होती. 1883 च्या सुमारास इंग्लंडात हा टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्यानं बेरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून तेल उलटं बाहेर येऊ लागलं. त्यानं बूच मारलं, ते निघालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून निघाली. शेवटी तिथं मीटर लावलं, तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांवर जाऊन टेकला. बेरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला 100 पौंडांच्या आसपास. फिरणारा आस तेलाला आपल्याखाली ओढतो आणि स्वतःचं प्रेशर स्वतःच तयार करून त्यावर तरंगतो. तीन वर्षांनी, 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. पंपाचं काम फक्त तेल दारापर्यंत पोचवायचं. क्रँकचं ओझं उचलतो तो केसाहून बारीक पापुद्रा. तेल डिझेलसारखं पातळ झालं की हा पापुद्रा फाटतो, धातूला धातू घासतो आणि बेरिंग टक्टक् बोलू लागतं. बोलल्यावर मग उशीर झालेला असतो.

"माही बोलून नाही राह्यली ना?" तो म्हणाला. नव्हती. दिवा लागल्यावर एकूण पाचेक मिनिटंच चालली होती.

नवं तेल भरलं, फिल्टरही आधी तेलानं भरून मगच बसवला. सेंडरच्या जागी माझं प्रेशर मीटर लावलं. आम्ही प्रेशर किलोत बोलतो, चौरस सेंटिमीटरला किलो. असा एक किलो म्हणजे चौरस इंचाला जवळजवळ 14 पौंड. डॅशबोर्डवरचा दिवा साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो किंवा विझतो, त्यापलीकडं त्याला काही कळत नाही. पोराला स्टॉपची तार ओढून धरायला सांगितली, म्हणजे डिझेल जात नाही आणि स्टार्टर मारला की इंजिन नुसतं फिरतं. काटा हलला. मग सुरू केली. थंड इंजिन, नवं तेल, आणि काटा पाऊण किलोवर. रेस दिली तर वाढायच्या ऐवजी थरथरायला लागला.

बंद केली. थंड इंजिनाला तीन-चार किलो यायला हवेत. रेस दिल्यावर काटा थरथरतो तेव्हा पंपाला पुरेसं तेल ओढता येत नसतं. विहिरीत पाणी आहे, पण मोटरच्या नळीच्या बुडाला असलेल्या फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली. ड्रिपवाल्या पोरानं हे माझ्या आधी ओळखलं, हे कबूल करतो.

सवाऱ्या दुसऱ्याच्या जीपनं शेगावला गेल्या. आम्ही पुढून चेसिस उचलली, खाली ठोकळे लावले आणि चेंबर उतरवला. पंपाच्या जाळीवर काळी खरवड बसली होती, दुधाच्या पातेल्याच्या बुडाला बसते तशी. वर्षानुवर्षं भिंतींना चिकटलेला गाळ डिझेलनं सुटा केला आणि पंपानं तो जाळीवर ओढून घेतला होता. चाकूच्या टोकानं खरवड काढताना आत काही लाल दिसलं. चिमट्यानं ओढलं. लाल सिलिकॉनचे दोरे, शेवयांसारखे, पाच-सहा.

चेंबर बसवताना पॅकिंगला सिलिकॉन लावतात. पातळ ओळ पुरते. हात सैल सोडला की जास्तीचं आतल्या बाजूला दबून निघतं, तिथंच सुकतं आणि लोंबत राहतं. कधी गळून पडेल सांगता येत नाही. लाल सिलिकॉन वापरणारा बाळापुरात मी एकटा नाही. पण या गाडीचं रिंगा-बेरिंगचं काम तीन वर्षांपूर्वी मीच केलं होतं, आणि त्यानंतर तिचा चेंबर कोणी उघडला नव्हता.

पोरगा पलीकडं नट धूत होता. त्यानं डिझेल टाकलं नसतं तर हे दोरे सुटलेच नसते, असं मी मनाशी चार वेळा म्हणालो. चारही वेळा ते खरंच वाटलं. मग दोरे चिंधीत गुंडाळले आणि चिंधी खिशात टाकली.

जाळी धुतली, चेंबर घासला, कडेला सिलिकॉनची ओळ सुतासारखी बारीक ओढली, वरून बोट फिरवून पाहिलं. चौथ्या प्रहरी गाडी सुरू केली: थंड असताना चार किलो. पातूर रस्त्याला फेरी मारून तापवून आणली: आयडलला सव्वा, रेसवर तीन. बेरिंगं शाबूत होती.

"किती झाले, काका?"

तेल आणि पॅकिंगचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही. सवाऱ्या गेल्या म्हणून काकांनी सोडली, असं त्याला वाटलं, आणि मीही वाटू दिलं. ती चिंधी आता दुकानात फिल्टरच्या फळीवर खिळ्याला टांगली आहे. पोरगा पुढच्या वेळी ऑइल न्यायला येईल तेव्हा त्याला ती दिसेल. त्यानं विचारलं तर सांगणार आहे.