चौथी पायरी

परकी भाषा शिकण्याचे पहिले महिने लाडाचे असतात. नाव-गाव सांगता आलं, किती वाजले ते सांगता आलं, दुकानात दोन किलो टोमॅटो मागता आले की सगळा वर्ग माना डोलावतो. चौथ्या पायरीवर हे लाड बंद होतात. युरोपच्या परिषदेनं २००१ साली परक्या भाषेच्या सहा पायऱ्या आखून दिल्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत. त्यातली ही बी-टू. इथं टोमॅटो कुणी विचारत नाही. पाण्याच्या खासगीकरणाबद्दल तुमचं मत काय, असं विचारतात. मग समोरच्याचं मत खोडायला सांगतात, तेही अदबीनं. मनात असतं तेवढं ओठावर येत नाही, आणि येतं तेवढ्यावर आता भागत नाही. या पायरीवर मी बरीच रेंगाळले आहे. मला ती आवडते, हेही सांगून टाकते.

वसमत तालुक्यातली पोरगी स्पॅनिश कशाला शिकते, हे गावात अजून विचारतात. हैदराबादलाच का, हे मात्र कुणी विचारत नाही. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. हिंगोलीत हैदराबाद कन्टिन्जंटची छावणी होती. जुन्या माणसांना मुंबईपेक्षा हैदराबादच जवळचं वाटायचं. हिंगोली, वसमत, पूर्णा, नांदेड करत काचीगुड्याला जाणारी गाडी पकडायची आणि तारनाक्याच्या विद्यापीठात पोचायचं. १९५८ साली तिथं फक्त इंग्रजीची संस्था होती. पुढे इतर विदेशी भाषा आल्या आणि २००७ साली ते केंद्रीय विद्यापीठ झालं.

माझी व्याकरणाची पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली. ‘मे गुस्ता’ आलं की ती घाबरवतात: सावधान, इथं वाक्य उलटं आहे, आवडणारी वस्तूच कर्ता आहे! मी दोनदा वाचलं, उलटं काय ते कळेना. मला आंबा आवडतो, आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्याच मागं जातं, माझ्या नव्हे. पेला फुटला तर स्पॅनिश माणूसही ‘मी पाडला’ म्हणत नाही. तो आमच्यासारखंच म्हणतो, माझ्या हातून पडला. थोडा दोष पेल्यावर ढकलून मोकळा. ‘तो यायचा’ आणि ‘तो आला’ या दोन भूतकाळांवर पुस्तकात पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. आमच्या ओट्यावर बसलेली कुठलीही म्हातारी दोन्ही काळ बिनचूक वापरून सासूची सबंध हकिगत सांगते. मी उगाच इतकी वर्षं इंग्रजीचा हात धरून स्पॅनिशकडे जात होते.

बी-टूचा खरा घाट म्हणजे सुबहुंतिवो. इच्छा, शंका, भीती, आज्ञा यांच्या मागून येणारं क्रियापद रूप बदलतं. जे आहे त्याला एक रूप, जे व्हावं त्याला दुसरं. ‘किएरो के बेंगास’: तू यावंस, असं मला वाटतं. इंग्रजीत या रूपाचे थोडे अवशेष उरलेत, म्हणून त्या पुस्तकांना घाम फुटतो. माझी माय हे रूप सकाळपासून बोलत असते. पाऊस यावा. हळदीचा भाव उतरू नये. पोरीनं शिकावं. आणि बाबांच्या तोंडी त्याच्या पुढचं: विहिरीला पाणी असतं तर गहू घेतला असता. शेतकऱ्याच्या घरात ‘आहे’ कमी आणि ‘असतं तर’ फार.

अर्थात मराठी सगळीकडे पुरत नाही. तो येईल असं मला वाटत नाही, इथं आपण साधा भविष्यकाळ लावून निघतो. स्पॅनिशला तिथंही ते वेगळं रूप हवं. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोघांना आपल्याकडे एकच ‘आहे’. तिथं मायचा उपयोग नाही, पाठच करावं लागतं.

आमच्या जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव, असं परंपरा मानते. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, मराठीत नसलेली. म्हणजे हिंगोलीकडच्या माणसानं दूरची भाषा जवळ करणं हे काही नवलाचं नाही. नामदेवांना पायरी कुणी विचारली नसावी.

या सत्रात हुआन रुल्फो वाचला. मेक्सिकोतल्या हालिस्कोचा, कोरड्या मुलखाचा लेखक. त्याचा कथासंग्रह १९५३चा. त्यातली एक गोष्ट एक पोरगा सांगतो: आत्या वारली, मग पाऊस आला, वाळत घातलेलं सातू भिजलं, नदीला पूर आला आणि बहिणीची गाय वाहून गेली. बहीण ताचा, नुकती बारा वर्षांची. गाय होती म्हणून तिला कुणीतरी चांगला नवरा मिळाला असता. थोरल्या दोघी बहिणी आधीच वाईट मार्गाला लागलेल्या. वाक्यं इतकी साधी की शब्दकोश क्वचितच लागतो, आणि तरी ती गोष्ट मला एका बैठकीत वाचवली नाही.

शिवरात्रीला घरी आले. औंढ्याची जत्रा भरलेली, आमच्या खळ्यात शिजवलेली हळद पसरलेली. काय शिकतेस ते सांग की, म्हणून बाबा मागं लागले, तर मी हीच गोष्ट आमच्या बोलीत सांगितली. सातू भिजलं तिथं त्यांनी आभाळाकडं पाहिलं. गाय वाहून गेल्यावर विचारलं, “पंचनामा झाला का?”

“त्यात तलाठी नाही, बाबा.”

“मंग भरपाई कशाची भेटती!”

मायला भरपाईशी देणंघेणं नव्हतं. “पोरीचं काय झालं?”

“गोष्ट तिथंच संपते. ती रडत असते, तेवढंच.”

“संपते म्हंजे? लिहिणाऱ्यानं पुढचं सांगावं की. आन् वासरू?”

“वासराचंही कुणाला ठाऊक नाही.”

“वासरू तरी वाचावं,” माय म्हणाली. वाशीमकडून ढग चढत होते आणि बाबा खळ्यातून ओरडत होते, “ताडपत्री धरू लागा गं दोघी!”