वादळाच्या दिवशी ग्लासगोच्या चाळीत

२३ जानेवारी २०२५, गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. ग्लासगो शहरात जानेवारीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख होता. मी भाकरी थापत होते. ज्वारीचे पीठ मुंबईहून आणलेले, तेही संपत आलेले, म्हणून जरा जपूनच. एवढ्यात मुलीचा फोन आणि माझा फोन दोन्ही एकदम भोंग्यासारखे ओरडू लागले. गिरणीचे भोंगे ऐकत लहानाची मोठी झालेली मी, तरी दचकले. खालच्या मजल्यावरही तोच आवाज, समोरच्या बंद दारामागेही तोच. पाच वर्षांची नात कानांवर हात ठेवून माझ्या पदराआड शिरली.

फोनवर सरकारचा निरोप होता. उद्या वाऱ्याचा लाल इशारा आहे, जिवाला धोका आहे, घराबाहेर पडू नका. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड मिळून सुमारे पंचेचाळीस लाख लोकांना त्या संध्याकाळी हा निरोप गेला. मंत्र्याला गेला तसाच झाडूवाल्यालाही गेला, हे मला आवडले.

वादळाचे नाव एओविन. २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडच्या हवामान खात्यांनी वादळांना नावे द्यायला सुरुवात केली. लोकांनीच सुचवलेल्या नावांतून दर हिवाळ्याआधी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने यादी तयार होते. त्या मोसमातले हे पाचवे. आपल्याकडे जून २०२० मध्ये रायगड जिल्ह्याला झोडपून गेलेले 'निसर्ग' वाचकांना आठवत असेल. पण दोन्हींची जात वेगळी. आपले चक्रीवादळ तापलेल्या समुद्रावर पोसते. इथले हिवाळी वादळ थंड आणि उबदार हवेच्या झुंजीतून उठते. त्या आठवड्यात अमेरिकेत इतकी थंडी उतरली होती की न्यू ऑर्लिन्ससारख्या उबदार शहरात बर्फ पडला. त्या गारठ्यामुळे अटलांटिकवरचे उंचीवरचे वारे जोरात वाहू लागले आणि हवेचा दाब झपाट्याने घसरला. जावयांनी लंडनहून फोनवर मला एवढे समजावले. ते कामासाठी तिकडे गेले होते आणि शुक्रवारी परतणार होते. पण शुक्रवारी स्कॉटलंडमधल्या सगळ्या आगगाड्या बंद राहणार असे जाहीर झाले, आणि ते तिकडेच अडकले.

मुलीचे घर ग्लासगोच्या पूर्व भागात, डेनिस्टन नावाच्या वस्तीत आहे. तांबड्या दगडाची, शंभर-सव्वाशे वर्षांची चार मजली इमारत. मी नायगावच्या बीडीडी चाळीतली, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसांत वाढलेली. पहिल्यांदा हा जिना चढले तेव्हाच मुलीला म्हणाले, "अगं, ही तर चाळच की!" खाली एक सामाईक प्रवेश, त्याला इथे क्लोज म्हणतात. मधोमध दगडी जिना, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दारे, मागे सगळ्यांचे मिळून एक अंगण. जिना धुण्याची पाळी ज्याची असे, त्याच्या दारावर पूर्वी तशी पाटी अडकवली जाई. नळावरच्या पाळ्यांवरून आमच्याकडे जी भांडणे होत, ती इथे जिन्यावरून होत असणार.

हिवाळ्यात या घरांत वारा कुठून कुठून शिरतो. मोठाल्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्या खडखडतात. पूर्वी खोलीखोलीत कोळशाची शेगडी असायची. त्या बंद झाल्या, पण भिंतीतली धुराडी तशीच आहेत आणि त्यांतून वारा घुमतो. मी जुन्या सुती साडीची वळकटी करून खिडकीच्या फटीला लावली होती. साडीच्या आत लोकरी पायजमा, वर स्वेटर, त्यावर कोट असा माझा अवतार. छत्रीचा इथे काही उपयोग नाही, ती पहिल्याच कोपऱ्यावर उलटी होते. ज्यांची मुले-मुली शिकायला इकडे येणार आहेत त्यांनी जाड एका कोटापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालायला शिकवावे. आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या विसरू नयेत. शरद आणि हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम घ्यावे असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे. आपल्या सावळ्या कातडीला तर या देशात ऊन फारच अपुरे पडते.

मुलगी परिचारिका आहे. शुक्रवारी तिची दिवसपाळी होती. रात्री जेवताना मी म्हटले, "घराबाहेर पडू नका म्हणतात, आणि तू निघालीस?"

"आई, आजारी माणसं काय वारा थांबेपर्यंत थांबणार आहेत?" ती म्हणाली.

यावर काय बोलणार? पहाटे साडेपाचला गाडी असलेली एक मैत्रीण तिला न्यायला आली. डबा, जास्तीचे कपडे आणि दात घासायचा ब्रश घेऊन ती गेली. ब्रश बघूनच मला कळले. ज्यांना घरात बसणे परवडते त्यांच्यासाठी इशारा असतो. परिचारिका, वॉर्ड पुसणाऱ्या बाया, एकट्या म्हाताऱ्यांना उठवून बसवणाऱ्या सेविका, तारा जोडणारे कामगार, यांच्या फोनवरही आदल्या संध्याकाळी तोच भोंगा वाजला होता.

लाल इशारा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्याआधी मी नातीला घेऊन वर गेले. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजीबाई एकट्या राहतात, वय एक्याऐंशी. त्यांची आणि माझी ओळख जिन्यातली. मी तीस वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवले, इंग्रजी मला येते. पण ग्लासगोचे इंग्रजी वेगळेच. त्या 'हो'ला 'आय' म्हणतात. पहिल्या भेटीत मला वाटले, या बाई मला आमच्या गावाकडच्यासारखी 'आय' अशी हाक मारताहेत. मी 'ओ' दिली. नात अजून हसते.

दार उघडले तेव्हा आजीबाई कोट, टोपी घालून घराच्या मधल्या अंधाऱ्या बोळात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दिवाणखान्यात का नाही, असे मी विचारले. त्यांनी वर बोट दाखवले. धुराडे.

मग जानेवारी १९६८ ची हकिगत त्यांनी सांगितली. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, तान्हे मूल, राहायला पार्टिक भागात. १४ तारखेच्या रात्री वादळ आले. तेव्हा ना भोंगा, ना लाल रंग. लोक झोपले होते. पहाटे ताशी शंभर मैलांवर वारा गेला आणि या दगडी इमारतींच्या छपरांवरची टनावारी वजनाची धुराडी मजले फोडत खाली आली. पार्टिकमध्ये एकाच ठिकाणी झोपेत माणसे दबून मेली. स्कॉटलंडमध्ये त्या रात्री वीस जण गेले, आणि एकट्या ग्लासगोत अडीच लाखांच्या आसपास घरांची मोडतोड झाली. पुढे किती तरी महिने छपरांवर ताडपत्र्या होत्या. "लंडनच्या लोकांना पत्ताच नव्हता," आजीबाई म्हणाल्या. "गरिबांची घरं पडली की बातमी लहान होते." हे वाक्य मी नायगावात किती जणांच्या तोंडून ऐकले असेल!

"आमच्याकडे खाली चला, आमच्या डोक्यावर तुमचं अख्खं घर आहे," मी म्हणाले. त्या जरा थांबल्या, मग 'आय' म्हणाल्या.

अकरानंतर वाऱ्याचा आवाज बदलला. आधी तो येत-जात होता. आता सलग, एखादी लोकल फलाटावर न थांबता जात राहावी तसा. मागच्या अंगणातले कचऱ्याचे चाकांचे डबे आपोआप धावू लागले. कुणाच्या तरी मुलांची उड्या मारायची जाळी हवेत उठून भिंतीवर आदळली. छपरांवरच्या काळ्या पाट्या सुटून रस्त्यावर फुटत होत्या आणि समोरच्या इमारतीवरचे मातीचे एक नळकांडे उभ्या गाडीच्या काचेवर पडले. ग्लासगोच्या दक्षिणेला ड्रमॅल्बिन इथे त्या दिवशी ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर वारा मोजला गेला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तर ताशी १८३ किलोमीटर. तिथला १९४५ चा विक्रम मोडला. हे आकडे मला नंतर कळले. त्या वेळी मी फक्त नातीचा हात धरून होते.

दीडच्या सुमारास वीज गेली. घर गरम करणारा बॉयलर गॅसवर चालतो, पण त्यालाही वीज लागते, तोही बंद. गॅसची शेगडी मात्र काडीने पेटली. एव्हाना थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता, दोन मेणबत्त्या आणि बॅटरी काढून ठेवली होती, रबराच्या पिशव्यांत गरम पाणी भरून दोघींच्या, आजीबाईंच्या आणि नातीच्या, कुशीत दिले होते. वीज गेल्यावर कळवायचा १०५ हा क्रमांक आजीबाईंना पाठ होता. माझ्या फोनची बॅटरी मी राखून ठेवली. तो कुणासाठी, हे सांगायला नको.

कारण अशी वाट मी आधी एकदा पाहिली आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मुलगी बारा वर्षांची, शाळेत गेलेली. दुपारपासून फोन बंद, गाड्या बंद. कुणी इशारा दिला नव्हता, कुठे विचारावे तेही कळत नव्हते. रात्रभर मी चाळीच्या गॅलरीत उभी होते, माझ्यासोबत मजल्यावरच्या चार बायका. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती एका अनोळखी मुस्लीम कुटुंबातल्या बाईचा हात धरून आली. त्या बाईंनी तिला आपल्या मुलींसोबत जेवू घातले, झोपवले आणि कमरेएवढ्या पाण्यातून आणून सोडले. नाव विचारायचे माझ्याकडून राहून गेले. ते आजही सलते.

दुपारी मी पिठले केले. सकाळच्या भाकऱ्या शेगडीवर शेकल्या. आजीबाईंनी पहिल्या घासाला डोळे मोठे केले, पाणी प्यायल्या, आणि पुन्हा हात पुढे केला. नात त्यांच्याच ताटातून भाकरीचे तुकडे उचलत होती. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. ती सांगायची, वळवाचा पाऊस गाठला की शेतावरून परतणाऱ्या आमच्या बाया वाड्याच्या भिंतीला बाहेरून चिकटून उभ्या राहायच्या. ओसरी रिकामी असायची. गारा पडल्या तरी रिकामीच असायची. आजीबाईंना हे सांगावे असे मनात आले, पण इंग्रजीत 'ओसरी'ला शब्द सापडेना. मग राहूनच गेले.

चारनंतर वारा उतरला. आठला मुलीचा फोन. रात्रपाळीच्या निम्म्या बाया पोहोचल्या नव्हत्या, म्हणून ती थांबली होती. "आई, मी ठीक आहे, पिल्लाला झोपव." मी ठीक म्हटले. अकराला वीज आली. आजीबाई सोफ्यावर झोपल्या होत्या. त्यांना उठवले नाही.

शनिवारी सकाळी मुलगी पाऊण तास चालत घरी आली. बूट काढायच्या आधी दारातच बसली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाली, "आई, आधी चहा."

रविवारी २६ जानेवारी. संविधान अमलात येऊन पंचाहत्तर वर्षे पूर्ण होण्याचा दिवस. मुलीच्या घरी महिनाभर आधी ठरले होते की ओळखीच्या आठ-दहा जणांनी जमायचे. एडिनबराहून येणारे दोघे आले नाहीत, जावईही लंडनहून पोहोचले नव्हते. सहा माणसे आणि आजीबाई जमलो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना फुले वाहिली. मुलीने त्रिशरण-पंचशील दिले. आम्ही प्रास्ताविका आधी मराठीत वाचली, मग पाहुणीसाठी इंग्रजीत. आजीबाई चष्मा लावून कागदावर बोट ठेवत होत्या.

वाचून झाल्यावर त्यांनी बाबासाहेबांच्या प्रतिमेकडे पाहून विचारले, हे तुमच्या घरातले कोण? मुलीने सांगितले. त्यांचे लंडनमधले शिक्षण, ग्रेज इनमधून बॅरिस्टर होणे, १९३० च्या नोव्हेंबरपासून १९३१ च्या जानेवारीपर्यंत भर हिवाळ्यात चाललेली पहिली गोलमेज परिषद आणि तिथे त्यांनी मांडलेली आपली बाजू.

"लंडनच्या लोकांनी ऐकलं का त्यांचं?" आजीबाईंनी विचारले.

मुलगी माझ्याकडे बघून हसली. खीर वाढायची होती. मी उठले. वर छपरावर दोन कामगार ताडपत्री बांधत होते. त्यांच्यासाठीही दोन वाट्या काढल्या आणि नातीला घेऊन जिना चढू लागले.