दोन शेकोट्या

गुड फ्रायडेला नगरचं ऊन डोक्यावर घेऊन आम्ही चर्चमध्ये शिरतो. बारा ते तीन उपासना. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कुणी थोडक्यात आटोपतं, कुणाला घड्याळाचं भान राहत नाही. पंखे गरम हवाच ढवळत असतात. माझं मन मात्र आदल्या रात्रीच्या, महायाजकाच्या अंगणातच घुटमळतं. कोळशांची शेकोटी, हात शेकणारा येशूचा शिष्य पेत्र, आणि एका दासीच्या प्रश्नासरशी गुरूची ओळखच नाकारणारी त्याची जीभ. एकदा नव्हे, तीनदा. मग कोंबडा आरवतो.

मला पेत्राचा कधी राग आला नाही. चहाच्या टपरीवर कुणी आमच्या धर्माला टोमणा मारला, की मीही कपातल्या सायीकडे बघत बसलो आहे. तिथे कोंबडा नव्हता, एवढंच.

ही भीती मोठ्यांनाही सुटली नाही. कवी नारायण वामन टिळक नगरला येण्याआधीची गोष्ट. 1893 साली आगगाडीत एका अनोळखी साहेबाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता मन ख्रिस्ताचं झालं. पण बायको, आप्त, जात सुटेल या धास्तीने पाऊल उचलेना. बाप्तिस्मा झाला तो 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत; तोही पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. एवढा मोठा कवी, पण घरच्या माणसाला तोंड द्यायचं धैर्य त्याला गोळा करता आलं नाही.

आणि लक्ष्मीबाई? त्यांची श्रद्धा तेव्हा पंढरीच्या वाटेवरची. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्या सोवळं सांभाळत; चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक तापट, हातात पैसा न टिकणारे. तरी त्या राहिल्या. पुढे सोवळं आपसूक गळालं आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. निष्ठा आधी आली, विश्वास मागून चालत आला.

पेत्राच्या कथेत दुसरीही शेकोटी आहे. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी प्रभू कोळशांवर मासे भाजतो, भाकरी देतो. त्या रात्रीचा जाब विचारत नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच तीनदा विचारतो आणि मेंढरं त्याच्याच हवाली करतो. देवावर भरवसा ठेवायचा म्हणतो आपण. इथे तर देवच डळमळीत माणसावर भरवसा टाकून मोकळा होतो.

टिळकांच्या घरीही असंच घडलं. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि 10 अध्यायांवर ते राहिलं; 1919 साली टिळक गेले. त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवलेल्या, जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले.