मोनालिसा आणि भातखाचर

परवा रात्री ऑफिसात एक लांबलचक बिल्ड चालू होतं. ते संपेपर्यंत मी चक्क जपानमधली भातशेती बघत बसलो. हसू नका, वाचा!

उत्तर जपानात, आओमोरी प्रांतात, इनाकादाते नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथले लोक 1993 पासून भाताच्या खाचरात चित्रं काढतात. रंगबिंग काही नाही बरं का. जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पानांचे भाताचे वेगवेगळे वाण आखून लावायचे. रोपं वाढली की चित्र आपोआप उमटतं. ते बघायचं गावच्या कचेरीवरच्या मनोऱ्यातून.

2003 साली त्यांनी मोनालिसा लावली. कागदावर सगळं ठीक होतं. मनोऱ्यावरून पाहिलं तर बाईंचं डोकं एवढंसं आणि खाली अंग हे भलंमोठं! कारण साधंच. वरून तिरकं पाहताना लांबचं आक्रसतं, जवळचं फुगतं. मग त्यांनी कॉम्प्युटरला कामाला लावलं. बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे ते आधी धरायचं. तिथून चित्रातल्या प्रत्येक बिंदूतून जाणारी रेषा जमिनीला कुठे टेकते ते काढायचं आणि तिथे खुंटी ठोकायची. नकाशावर हे चित्र लांबुळकं, वेडंवाकडं दिसतं. मनोऱ्यावरून मात्र झकास. लावणी अर्थातच हातानं, चिखलात उभं राहून. थ्रीडी गेम लिहिणाऱ्यांना हे गणित ओळखीचं वाटेल.

मला मात्र बाबा आठवले.

भोरजवळ आमची थोडी भातशेती आहे. दोन वर्षांपूर्वी मी बाबांसाठी फोनवर चालणारं हिशोबाचं ॲप लिहिलं. मजुरी, खत, बियाणं, सगळ्याचे रकाने, वर रंगीत आलेखसुद्धा. ऑफिसातल्या मित्रांना दाखवलं, सगळे खूश. बाबांनी ते चार दिवस वापरलं आणि परत कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायला लागले. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला नवीन काही शिकायचंच नसतं." ते काहीच बोलले नाहीत.

नंतर आईनं सांगितलं, "अरे, लावणीत त्यांचे हात चिखलानं भरलेले असतात. फोनला बोट कळतच नाही. बायका मजुरीसाठी ताटकळतात आणि हे आपले हात पुसत बसतात."

म्हणजे माझी मोनालिसाही कागदावर ठीकच होती की! फक्त बघणाऱ्याचा डोळा मी माझ्या खुर्चीत धरला होता. इनाकादातेच्या लोकांनी चित्र फसल्यावर मनोऱ्यावरच्या माणसाला दोष दिला नाही, आखणी बदलली. मी मात्र सरळ बाबांना नापास करून मोकळा झालो.

असो. येत्या शनिवारी लावणीला जातोय. लॅपटॉप नेणार नाही, ॲपचं नावही काढणार नाही. दिवसभर बाबांबरोबर चिखलात उभा राहीन म्हणतो. ते एक वाक्य तेवढं परत घ्यायचंय. ते कसं, हे अजून सुचलेलं नाही.