चार किलो शिसं

हॅवलॉकला दुसऱ्या दिवशी १२ मीटर खोलीवर माझं जाकीट आपोआप फुगायला लागलं. मी जरा जास्तच खाली जातेय असं वाटलं म्हणून डाव्या हातातलं बटण दाबून थोडी हवा भरली आणि बोट काढलं. बटण मात्र आतच अडकून राहिलं. पोटावरचा पट्टा आवळत गेला, खालचं प्रवाळ लांब जाऊ लागलं. मी नळी डोक्यावर धरून हवा सोडायचं दुसरं बटण दाबत राहिले. एकीकडून हवा जात होती, दुसरीकडून तेवढीच येत होती.

सातेक मीटरवर कुणीतरी माझा फिन धरला. आमचे इन्स्ट्रक्टर होते. त्यांनी सिलिंडरकडून जाकिटात हवा आणणारी नळी खेचून काढली, खांद्यावरची दोरी ओढून जाकीट रिकामं केलं आणि माझ्या तोंडासमोर हाताने खूण केली : श्वास सोड. वर येताना श्वास कोंडून धरला तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून इजा होते, हे कोर्सच्या पहिल्याच धड्यात असतं. मी तो कोंडून धरला होता.

पाच मीटरवर आम्ही तीन मिनिटं थांबलो आणि मग वर आलो. मला काही झालं नाही. इन्स्ट्रक्टर मूळचे मालवणचे. बोटीवर टॉवेल देताना ते एवढंच म्हणाले, "नळी आधी काढूक व्हयी होती." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. कारण नळी काढायची हे मला माहीत होतं. कोर्समध्ये तरणतलावात एकदा केलंही होतं. एकदाच.

पुण्याला परतल्यावर मी ठरवलं की आता भाड्याचं जाकीट नको, स्वतःचं घ्यायचं. या जाकिटाचं पूर्ण नाव बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, बोलताना सगळे बीसीडी म्हणतात. सिलिंडर पाठीवर बांधून ठेवणं आणि पाण्यात हवं तेवढं तरंगायला मदत करणं, ही त्याची दोन कामं. सुरुवातीच्या काळातल्या डायव्हरांकडे ते नव्हतंच. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये मोरिस फेन्झी यांनी बनवलेली, गळ्यात घालायची फुगवता येणारी पिशवी वापरात आली. पुढच्या दशकात पिशवीचं जाकीट झालं. इंग्लंडमध्ये अजूनही काही जण त्याला 'स्टॅब' म्हणतात, म्हणजे स्टॅबिलायझर. मलाही तेच हवं होतं : स्थिर आणि आटोपशीर. आटोपशीर अशासाठी, की पोर्ट ब्लेअरच्या विमानात १५ किलोच सामान चालतं आणि जाड गाद्या शिवलेलं जाकीट एकटंच त्यातले चार किलो खातं.

मी एक्सेल शीट उघडली. वजन, घडी केल्यावरचा आकार, हवा सोडायच्या झडपा किती, किंमत. आई मागून बघत होती. "म्हणजे बुडायला पैसे द्यायचे आणि वर यायला वेगळे?" तिला त्या दिवसाबद्दल सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.

शीटमध्ये एक रकाना 'लिफ्ट'चा होता. पूर्ण फुगवलेलं जाकीट किती किलो वजन वर उचलून धरू शकतं, तो आकडा. भाड्याची जाकिटं बहुधा १५ किलो किंवा त्याहून जास्तीची असतात. जितकी जास्त तितकं सुरक्षित, असं मला वाटत होतं. मग एका रात्री मी हिशेब मांडला की मला मुळात लागते किती.

अंदमानात मिळणारं ॲल्युमिनियमचं सिलिंडर ११ लिटरचं असतं. त्यात २०० बारने हवा भरली की साधारण २,२०० लिटर हवा होते. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या हवेचं वजन अडीच किलोहून जास्त. ५० बार राखीव ठेवले तर डाइव्हमध्ये आपण साधारण दोन किलो हवा संपवतो. डाइव्हच्या शेवटी बरोबर तरंगायचं असेल तर सुरुवातीला हे दोन किलो जास्तीचे वागवावेच लागतात. दुसरी गोष्ट सूटची. गरम पाण्यातल्या तीन मिलिमीटरच्या सूटमधले हवेचे बुडबुडे खाली दाबले जातात आणि त्याची तरंगायची ताकद किलोभर कमी होते. दोन अधिक एक, तीन. खाली असताना माझ्या जाकिटात फार तर तीन लिटर हवा लागायला हवी. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला अजून चार-पाच किलो लिफ्ट धरली, तरी दहा-अकरा किलोंचं जाकीट पुरे.

मग त्या दिवशी माझं जाकीट आधीपासूनच एवढं फुगलेलं का होतं?

कारण माझ्या कमरेच्या पट्ट्यात सात किलो शिसं होतं. नवख्या माणसाला बोटीवर थोडं जास्तच शिसं देतात. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो, त्यामुळे तो बुडतच नाही. जास्तीच्या वजनाने तो निदान खाली तरी जातो. खाली गेल्यावर मात्र त्या जास्तीच्या प्रत्येक किलोसाठी जाकिटात एक लिटर हवा जास्त भरावी लागते. आणि हवा जागच्या जागी राहत नाही. १० मीटरवर दाब दोन बार असतो, आठ मीटरवर १.८. जाकिटात तीन लिटर हवा असेल तर दोन मीटर वर आल्यावर ती ३.३ लिटर होते. सहा लिटर असेल तर जवळपास ६.७. साध्या श्वासात आपण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. पहिला फरक त्या श्वासाने सावरता येतो. दुसरा येत नाही, मग बटण दाबावं लागतं. त्या डाइव्हमध्ये मी सतत बटण दाबत होते : भर, सोड, भर, सोड. खारट पाणी सुकून चिकट झालेलं बटण कधीतरी अडकणारच होतं.

पुढच्या रविवारी मी ओळखीच्या ताईंबरोबर पुण्यातल्या एका तलावात उतरले. त्या बरीच वर्षं डायव्हिंग करतात. त्यांच्याकडे तीन प्रकारची जाकिटं होती. पहिलं नेहमीचं, कमरेभोवती फुगणारं. ते पाण्यावर आरामात उभं धरतं, पण आडवं झालं की हवा कुशीतून इकडेतिकडे सरकते. मी बुटकी असल्याने भाड्याचं असं जाकीट कायम कानापर्यंत वर यायचं. दुसरं स्टीलची पाटी आणि तिच्यामागे पंखासारखी पिशवी असलेलं. त्यात मी पहिल्यांदा खरोखर आडवी, निश्चल राहिले. पण पाटीच दोन किलोंहून जास्त. ती शिशाची जागा घेते हे खरं, पण शिसं तर हॅवलॉकला फुकट मिळतं. विमानातून धातू न्यायचा कशाला? तिसरं त्याच पंखाचं, पण पाटीच्या जागी मऊ कापडी पाठ असलेलं. सव्वादोन किलो, गुंडाळलं की उशीएवढं.

ताईंनी मात्र जाकिटांकडे फारसं लक्षच दिलं नाही. त्यांनी मला जवळपास रिकामं सिलिंडर लावलं, जाकिटातली सगळी हवा सोडली आणि उभं राहायला सांगितलं. साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांपाशी आलं पाहिजे, सोडला की बुडलं पाहिजे. त्या एकेक किलो काढत गेल्या. शेवटी दोन उरले. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड असतं. सामानासकट माझं वजन ७५ किलो, म्हणजे तिथे अजून दोन. चार किलो. मी सात वागवत होते.

मी तिसरं जाकीट घेतलं. त्यात दोष आहेत. पाण्यावर पूर्ण फुगवलं तर ते तोंड पुढे ढकलतं, म्हणून अर्धंच भरून मागे रेलावं लागतं. खिसे नावापुरते. पण ते मापाचं आहे, आणि शेवटचं गोड्या पाण्याने आतून-बाहेरून कुणी धुतलं ते मला माहीत असतं. नळी काढायचा सराव मी त्या तलावात अजून तीन रविवार केला. डोळे मिटून, उजव्या हाताने, डाव्या हाताने. शीटमध्ये यासाठी रकाना नव्हता.

फेब्रुवारीत पुन्हा हॅवलॉकला गेले. बोटीवरच्या मुलाने सहा किलोंचा पट्टा पुढे केला. मी दोन किलो काढून परत दिले. त्याने इन्स्ट्रक्टरांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. खाली १२ मीटरवर मी त्यांना खूण केली, नळी काढली, तोंडाने थोडी हवा फुंकली, नळी परत लावली. हात थरथरत होते, पण चुकले नाहीत.

शेवटी पाच मीटरवर थांबलो. सिलिंडरमध्ये ५० बार उरले होते. मी जाकिटातली राहिलेली हवा सोडून दिली आणि वाट पाहिली. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. तीन मिनिटांत बटणाला हात लावला नाही.

बोटीवर चढल्यावर इन्स्ट्रक्टर माझं जाकीट उलटसुलट करून बघत म्हणाले, "बरा घेतलंस गे जाकीट."

"शेवटी रिकामंच होतं," मी म्हटलं.