आजोळचा रकाना

रक्त घ्यायला दोन मिनिटं लागतात. त्याआधीच्या गप्पांना अर्धा तास लागतो, आणि आमचं काम बिघडतं ते त्या अर्ध्या तासात.

सुरुवातीला मी हैदराबादेत नामपल्ली स्टेशनजवळ खोली घेऊन राहत होतो. डीएनए ठशांचं काम करणाऱ्या सीडीएफडीच्या प्रयोगशाळा जवळच तुळजागुडा संकुलात होत्या. मराठी कानाला तो पत्ता उगाचच घरचा वाटे. ठसा जुळला एवढं म्हणून भागत नाही, ही गोष्ट त्या वस्तीत चहाच्या टपरीवरही बोलली जायची. जुळलेली खूण त्या समाजात किती जणांत सापडते हे ठाऊक नसेल, तर जुळण्याला वजन काय?

माझं काम मात्र समाजासमाजांच्या डीएनएतल्या फरकांचं. रक्त देणाऱ्यांसाठीचा पहिला फॉर्म मीच आखला होता: नाव, गाव, जात, पोटजात, वडिलांचं गाव, आजोबांचं गाव. नात्यातली माणसं गाळायची, म्हणून आडनावं तपासली. पुढे हिशोब मांडला, तर दोन नमुन्यांत साधारण आठव्या हिश्श्याइतका डीएनए सामाईक. आडनावं वेगळी, गावं वेगळी. नळ्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून दोन दिवस फ्रीझर उपसला. शेवटी पुन्हा गावात जाऊन विचारलं. मावसभाऊ! दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. आणि आईसाठी माझ्या फॉर्ममध्ये एक ओळही नव्हती. निम्मा डीएनए जिच्याकडून येतो तिलाच मी विचारातून वगळलं होतं. त्या रात्री हाताने रकाना आखला: आजोळ.

प्रयोगशाळेतला भाग मला अजून आवडतो. तांबड्या पेशी फोडायच्या, पांढऱ्यांतली प्रथिनं पचवायची, फेनॉल-क्लोरोफॉर्मने धुवायचं, मग गार अल्कोहोल अलगद ओतायचं. नळीत पेळूतून सुटलेल्या तंतूंसारखं पांढरं काहीतरी तरंगू लागतं. इथे हात सैल हवा, घुसळलंत की तंतू तुटले. पण हे कुणालाही महिन्याभरात जमतं. ‘तुमच्यात सोयरीक कुठवर जाते?’ हे न दुखवता विचारायला मला वर्षं लागली.

सोयरिकीची सीमा आधी पाहावी लागते, हे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांना आधीच कळलं होतं. त्यांनी आणि त्यांचे सहलेखक मल्होत्रा यांनी 1968 मध्ये महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली, तीसुद्धा आपापल्यातच लग्न करणारे गट वेगळे धरून. ‘ब्राह्मण’ या एका शब्दाखाली त्यांना गोळा केलं नाही. आमच्याकडे यंत्रं आली, पण तेवढी सावधगिरी अजूनही सगळ्यांकडे नाही.

रक्त देणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: आम्ही मूळचे कुठले? उत्तर त्याला फारसं रुचत नाही. इथल्याच सीसीएमबी या संशोधन संस्थेतले थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांनी 2009 मध्ये 25 गटांतल्या 132 जणांचा डीएनए तपासून दाखवलं, की त्यांतले बहुतेक गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले. प्रमाण तेवढं कमीजास्त. 2013 च्या अभ्यासात ही सरमिसळ अंदाजे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीची निघाली. भिल्लांसारखे गटही त्यातून सुटले नव्हते. मग हळूहळू सोयरिकीची दारं लागली.

दारं लागल्याची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळते. आंध्र-तेलंगणातल्या वैश्यांचं मूळ एका लहान गटात, शंभराहून अधिक पिढ्यांमागे जातं. पुढे लग्नं आतल्या आत. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात ब्यूटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर फार कमी असतं. एरवी त्याचा काही त्रास नाही, ना ताप ना दुखणं. पण भूल देताना स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन टोचलं, की इतरांचे स्नायू काही मिनिटांत पूर्ववत होतात. यांचे तासन् तास लुळे राहतात, श्वासाचेही, आणि तोवर यंत्राने श्वास द्यावा लागतो. म्हणून भूलतज्ज्ञ आधी समाज विचारतो. जात विचारल्याने जीव वाचावा, हे माझ्या पुरोगामी मनाला पचायला वेळ लागला. अजूनही पूर्ण पचलेलं नाही. 2017 मध्ये 263 दक्षिण आशियाई गटांपैकी 81 गटांत असा जुना, अरुंद उगम फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाला. आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच अरुंदपणाच्या आधारे कितीतरी आजारांची मुळं शोधली आहेत.

गेल्या शिबिरात एक आजी आल्या. नातू फॉर्म भरत होता, आजोबांचं गाव, पणजोबांचं गाव. आजोळच्या रकान्याशी तो अडला. आजींनी फॉर्म पुढ्यात ओढला आणि बोलू लागल्या: आई अमुक गावची, तिची आई तमुक, तिला दिली ती मामाच्या घरी, मामाची बायको परत आमच्याच घरातली. मी लिहीत गेलो. रकाना संपला, समास संपला. मी फॉर्म उलटा केला. आजी थांबल्या, पाठकोरा कागद पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘एवढाच?’’